तीन फूट स्वच्छ पाणी

१० जानेवारी. सकाळी ११.
एकसष्टाव्या वर्षी मला काम लागलं. प्रोजेक्टवाल्या मॅडम घरी येऊन गेल्या. मागच्या ओढ्याचा नवा प्रोजेक्ट निघालाय, अकरा महिन्यांचा. हा तिसरा. पहिल्यात हे होते. (हे म्हणजे आमचे. दुसऱ्या कुणाला मी 'हे' कशाला म्हणेन.) दुसऱ्या प्रोजेक्टने टोप्या वाटल्या आणि तो संपला. त्यातली एक मोरीच्या खिळ्याला आहे.

काम सोपं. रोज सकाळी सातला ओढ्याच्या अकरा पायऱ्या उतरायच्या. दोरीला बांधलेली पांढरी तबकडी डोहात सोडायची. दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचायची आणि फूट-इंच फॉर्मवर लिहायचे. पाणी किती स्वच्छ आहे ते त्यावरून कळतं. वरच्या अंगाला कापड रंगवायच्या शेड आहेत. आकडा सलग तीन आठवडे दीड फुटाच्या खाली राहिला, तर त्यांना नोटीस जाते.

मॅडम म्हणाल्या, मिस्टरांचं नाव जुन्या फाइलीत सापडलं, तुम्हाला या कामाची सवय असेल. मी आहे म्हटलं. सवय त्यांना होती. मला त्यांची होती.

उद्यापासून सुरू. गजर साडेसहाचा लावला.

११ जानेवारी. ७.२०.
पायऱ्यांच्या तोंडापर्यंत गेले. गुडघा दुखला. परत आले.
फॉर्मवर 'नोंद घेतली नाही' असंही एक घर आहे. पण पहिल्याच दिवशी त्यात खूण करणं बरं दिसत नाही. फॉर्म टेबलावर ठेवला आहे. उद्या दोन्ही दिवसांचं मिळून मोजेन.

१२ जानेवारी.
दोन दिवसांचं मिळून मोजता येत नाही, हे पुस्तिका वाचल्यावर कळलं. पुस्तिका पूर्ण वाचली. चाळीस पानं, तीन वेळा. एवढी तर छापणाऱ्यानेही वाचली नसेल. माझी शाळा चौथीत सुटली, पण छापलेलं काही हातात आलं की मी सोडत नाही.

पान अकरा: 'उपलब्ध जुन्या नोंदींचा आधार घ्यावा.'

कपाटात यांच्या सात वह्या आहेत. पहिला प्रोजेक्ट दोन वर्षांनी बंद झाला. त्यापुढची पाच वर्षं हे स्वतःहून मोजत राहिले, कुणी सांगितलं नसताना. दुकानदार विचारायचा, कशासाठी हो? हे म्हणायचे, प्रोजेक्ट संपला, ओढा संपला का?

शेवटची वही चार वर्षांपूर्वीची. ११ जानेवारी: 'सकाळ ७. तीन फूट. स्वच्छ.' १२ जानेवारी: 'सकाळ ७. तीन फूट एक इंच. स्वच्छ.'
आधार घेतला. दोन दिवसांपुरताच.

२ फेब्रुवारी.
घडी बसली आहे. साडेसहाला उठते. चहा. बरोबर सातला टेबलाशी बसून वही उघडते आणि नोंद करते. एका मिनिटाचा उशीर नाही. वक्तशीरपणाला पुस्तिकेत फार महत्त्व दिलं आहे (पान ४).
फॉर्मचा फोटो मॅडमना पाठवते. त्या अंगठा पाठवतात.
प्रोजेक्टची तबकडी नवीकोरी आहे, अगदी गुळगुळीत. दुधाच्या पातेल्यावर बरोबर बसते. वापरात राहिली तर गंजणार नाही.

१९ फेब्रुवारी.
लेकीचा फोन. आई, गुडघ्याला झेपतं का गं? म्हटलं, झेपतं. ती म्हणाली, मग वाचनालयाचे दोन मजले चढतेस तेव्हा कसा दुखत नाही, आणि ओढ्याचं नाव काढलं की कसा दुखतो? जावयाने हे शिकवलं असणार. वाचनालयाच्या पायऱ्या वर जातात. ओढ्याच्या खाली जातात. डॉक्टरही हेच म्हणतील. विचारलं मात्र नाही अजून.

आणि चार वर्षांत पाणी ते काय बदलणार. पाणीच ते.

१४ मार्च. दुपार.
रोपवाल्या बाई आल्या होत्या. पायऱ्यांच्या वरच त्यांची रोपवाटिका आहे. ओढ्यावर मोटार लावून त्या रोपांना पाणी घालतात. हातात एक रोप होतं, पानांच्या कडा जळल्यासारख्या. म्हणाल्या, वहिनी, दोन वाफे असेच गेले. वर शेड आल्यापासून पाण्याला वास आहे. गिऱ्हाईक रोप हातात घेतं, पान उलटून बघतं, परत ठेवतं.

मीही पान उलटून बघितलं. त्याच म्हणाल्या, पण आता काळजी नाही. दादांसारखं तुम्ही मोजताय म्हटल्यावर नोटीस जाणारच.

शेड कधी आल्या ते मी आठवून पाहिलं. दोन वर्षांपूर्वी. वही चारची.
उद्यापासून उतरायचं. नक्की. गुडघ्याला तेल लावलं आहे.

१५ मार्च. ७.४०.
तीन पायऱ्या उतरले. म्हणजे एकचतुर्थांशाहून जास्त काम झालं.
तिसरीवरून डोह दिसतो. आणि पाण्यालगतचा तो सपाट दगड, ज्यावर हे उकिडवे बसायचे, चप्पल काढून, जणू देवळात आले आहेत. दगड ओला होता. मागे फिरले.
पाणी जांभळट वाटलं. पण तीन पायऱ्यांवरून रंगाचा नेम नसतो. चष्मा बदलायला हवा.
वहीतून: तीन फूट. स्वच्छ.

२९ मार्च.
चष्मा बदलला. आता वहीतलं अक्षर फारच छान दिसतं.

४ मे.
आज घोटाळा होता होता राहिला. यांच्या वहीत आजच्या तारखेला: 'अवकाळी पाऊस, रात्रभर. पाणी गढूळ. आठ इंच.' सवयीने शेऱ्यासकट उतरवलं आणि फोटो पाठवला. बाहेर कडक ऊन. अंगणात टाकलेली चादर अर्ध्या तासात वाळली.
मॅडमचा लगेच फोन. तुमच्याकडे रात्रभर पाऊस? आमच्याकडे तर टिपूस नाही.
म्हटलं, इकडे होता. थोड्याच भागात.
त्या म्हणाल्या, हो, हल्ली हवामानाचं काही सांगता येत नाही.
मीही म्हटलं, नाहीच सांगता येत.

वहीत हा पाऊस चार दिवस चालला आहे. आता मध्येच थांबवता येणार नाही. संशय येईल.

७ मे.
पाऊस ओसरला. वहीतला.
रोपवाल्या बाईंना कुठून तरी कळलं की आकडे खाली आले. धावत आल्या. वहिनी, तीन आठवडे टिकेल ना असं? मी म्हटलं, बघू. मनात म्हटलं, पाऊस ओसरला हो. यांनी चारच दिवस दिले.
त्या गेल्यावर दूध नासलं. तबकडी नीट बसली नव्हती.

२१ जून. ७.००.
आजच्या पानावर आकड्यापुढे यांनी लिहिलं आहे: 'ही बरोबर आली होती. पाण्यात पाय सोडून बसली. तबकडी तिच्या पायाला लागली तर म्हणाली मासा आहे.'

मला तो दिवस आठवत नव्हता. आता आठवतो. मला खरंच मासा वाटला होता. हे इतके हसले की दोरी हातातून सुटली आणि गुडघाभर पाण्यात जाऊन आणावी लागली.

फॉर्मवर: तीन फूट दोन इंच. शेरा: काही नाही.
दिवसभर दुसरं काही केलं नाही.

३ ऑगस्ट.
ठरवलं आहे. पंधरा ऑगस्टपर्यंत पायऱ्या. रोज एक. अकरा दिवसांत अकरा. कागदावर मांडलं तर किती सोपं दिसतं. कागद भिंतीला लावला.

११ ऑगस्ट.
पायरी दुसरी. (मधले दिवस हवा बरोबर नव्हती.)
आज तपासणीचा माणूस आला. वाटलं, आता ओढ्यावर चला म्हणणार. पण त्याने बूट पांढरे घातले होते. ओढा कुठे आहे विचारलं, मी हात केला, त्याने हाताकडे पाहिलं. मग फॉर्म पाहिले. सगळी घरं भरलेली, एकही खाडाखोड नाही. असं अक्षर दुसऱ्या कुठल्याच केंद्रावर नाही म्हणाला. बरं वाटलं. मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं.
जाताना म्हणाला, आजूबाजूला एकदा विचारून घेतो, नियम आहे. रोपवाटिकेकडे वळला. मी दार लावून आत बसले. अर्ध्या तासाने त्याचा मेसेज: सर्व ओके.
कुणाला विचारलं कोण जाणे. आमच्याकडे लोकांचं ओढ्याकडे लक्षच नसतं. हीच तर पर्यावरणाची खरी अडचण आहे.

भिंतीवरचा कागद काढला. ओल येते तिथे.

२ सप्टेंबर.
रोपवाल्या बाईंना प्रोजेक्टकडे अर्ज करायचा आहे, शेडचं पाणी थांबवा म्हणून. लिहून द्याल का, वहिनी? तुम्ही इतकं वाचता.

नाही कसं म्हणणार. दोन तास बसले. 'पाण्याचा रंग बदलला असून रोपांची मुळे कुजत आहेत. हे काम माझे एकटीचे असून दुसरे साधन नाही.' त्या एकदा बोलल्या ते तसंच घातलं: 'रोप बोलत नाही, म्हणून मी बोलते.' वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी पदराने डोळे टिपले. इतका चांगला अर्ज मी आयुष्यात लिहिला नव्हता. कुणालाही पटेल. फक्त माझे फॉर्म वाचलेला माणूस सोडून.

त्या गेल्यावर आजची नोंद केली. तीन फूट. स्वच्छ. पेन तेच.

३ सप्टेंबर.
उद्या मॅडमना फोन करून खरं काय ते सांगणार.

४ सप्टेंबर.
मॅडम मीटिंगमध्ये. मी दोनदा रिंग दिली. दुसऱ्यांदा वाजायच्या आत ठेवला.

१८ ऑक्टोबर.
वही संपत आली. उजव्या बाजूला बोटभर जाडीची पानं दिसतात, पण ती कोरी आहेत. भरलेली बावीस. मोजली नव्हती, नजर गेली.
मागच्या वर्षांच्या वह्या आहेत म्हणा. पण त्या कपाटातून काढवत नाहीत. ही एक आहे तोवर हे रोज सकाळी सातला काहीतरी म्हणतात. तीन फूट म्हणतात. एवढंच म्हणतात, पण म्हणतात.

९ नोव्हेंबर. ७.००.
'सकाळ ७. तीन फूट. स्वच्छ. छातीत जरा जड. दोरी झिजली आहे, उद्या बदलायची.'
त्या दुपारी हे गेले.
फॉर्मवर तीन फूट लिहिलं. दोरीचं लिहिलं नाही.

१० नोव्हेंबर. ७.००.
पान कोरं. उतरवायला काही नाही.
'नोंद घेतली नाही' या घरात खूण केली. दहा महिन्यांत पहिला खरा फॉर्म.
फोटो पाठवताच मॅडमचा फोन. त्या म्हणाल्या, अहो राहू द्या आता, वरून कळवलंय, उद्दिष्ट पूर्ण झालं, प्रोजेक्ट महिनाभर आधीच बंद करतोय. चौदाला समारोप. तुमचा सत्कार आहे.
वही आणि प्रोजेक्ट एकाच दिवशी संपले. याला योगायोग म्हणतात. दुसरंही काही म्हणत असतील.

१३ नोव्हेंबर.
सत्काराला उत्तर द्यायचं आहे. त्यातच सगळं सांगून टाकणार. सर्वांसमोर. भाषण लिहिलं, चार ओळी. पहिली ओळ: 'मी पायऱ्या उतरले नाही.' पाठ केलं.

१४ नोव्हेंबर. संध्याकाळ.
हॉल, खुर्च्यांना पांढरी कापडं, मागे मोठा फलक. फलकावर ओढ्याचा फोटो होता. आमचा नव्हता.
अहवालात आमच्या केंद्राला पूर्ण एक पान. 'लोकसहभागातून पाण्याची गुणवत्ता वर्षभर स्थिर.' मे महिन्यातली घसरण आलेखात लाल केली आहे, खाली टीप: 'स्थानिक अतिवृष्टीचा परिणाम'. यांचा पाऊस छापून आला. पहिल्यांदाच यांचं काही छापून आलं, आणि तेही माझ्या नावावर.
माईक हातात दिला. पहिली ओळ तोंडात होती. समोर मॅडम इतक्या प्रेमाने बघत होत्या. म्हटलं, सर्वांचे आभार.
टाळ्या. प्रमाणपत्र. टोपी.

१७ नोव्हेंबर.
रोपवाल्या बाई पत्र घेऊन आल्या. अर्जाचं उत्तर. चष्मा घरी राहिला, वहिनी, तुम्हीच वाचा.

वाचलं. मोठ्याने. 'दैनंदिन नोंदींनुसार डोहातील पाणी सरासरी तीन फुटांपर्यंत स्वच्छ आढळते. नोंदी नियमित घेतल्याची खातरजमा स्थानिक साक्षीदाराच्या सहीने झालेली आहे. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

त्यांनी 'साक्षीदाराच्या' इथे पुन्हा वाचायला लावलं. मग पत्राची घडी केली, आणखी एक घडी केली, इतकी लहान की मुठीत मावली. म्हणाल्या, आता शेवटचा वाफा राहिलाय. तोही गेला की बघू. चहा न घेता गेल्या. त्या चहाला कधी नाही म्हणत नाहीत.

२० नोव्हेंबर. दुपार.
प्रोजेक्टच्या ऑफिसात गेले. ठरवून. तबकडी पिशवीत घातली, पुरावा म्हणून. एकदाही न भिजलेली.

दोन खोल्यांपैकी एक रिकामी झाली होती. भिंतीवर फलकांचे चौकोन तेवढे राहिले होते. मॅडम खोकी बांधत होत्या. त्या आता झाडांच्या प्रोजेक्टवर जाणार आहेत. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पायऱ्या, वही, पाऊस. एका दमात. त्या चिकटपट्टी हातात धरून ऐकत राहिल्या.

मग म्हणाल्या, हे तुम्ही चौदाच्या आत सांगायला हवं होतं. दुरुस्ती प्रोजेक्टच्या मुदतीतच करता येते.
म्हटलं, मग आता कुणाला सांगू?
पुढचा प्रोजेक्ट आला की त्यांना.
कधी येईल?
मंजूर झाला की. पण त्यांची सुरुवात या आकड्यांपासूनच होईल. पाणी तीन फूट स्वच्छ आहे असं धरून.
आणि तोवर ओढा कुणाचा?
त्यांनी जरा विचार केला. तोवर, मावशी, तो कुणाच्याच अखत्यारीत नाही.

वाईट बाई नाही ती. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. तिचं नेमणुकीचं पत्रही चौदालाच संपलं होतं. तबकडी परत द्यायला लागले तर म्हणाली, वस्तू परत घ्यायची मुदतही गेली. राहू द्या, आठवण म्हणून.

येताना बसमध्ये पिशवी मांडीवर होती. वाटलं होतं, गुन्हा कबूल केला की हलकं वाटतं. घ्यायलाच कुणी नसलं तर तो तसाच घरी आणावा लागतो.

२३ नोव्हेंबर. सकाळी १०.
रोपवाटिकेत गेले. बाई पिशव्यांत माती भरत होत्या. मी म्हटलं, मला काही सांगायचंय. त्या म्हणाल्या, बसा, पण त्या बाकावर नको, ओला आहे. मी त्याच बाकावर बसले. सांगितलं.

त्यांचा हात थांबला नाही. माती, दाबणं, माती. मग म्हणाल्या, तुम्ही येत नाही हे मला माहीत होतं, वहिनी. या बाकावरून सगळ्या पायऱ्या दिसतात. एकदा तीनपर्यंत आलात. एकदा दोनपर्यंत.

मी म्हटलं, मग बोलला का नाहीत?

म्हणाल्या, दादा गेल्यावर मागची खिडकी उघडायला तुम्हाला सहा महिने लागले. पायऱ्यांना वर्ष लागेल म्हटलं. त्या पांढऱ्या बुटांच्या माणसाने विचारलं, बाई रोज येतात का? मी म्हटलं, रोज येतात. सही कर म्हणाला, केली. तुमचं काम जाऊ नये म्हणून. मला वाटलं, तुम्ही 'घेतली नाही'मध्ये खुणा करत असाल. मेमध्ये आकडे खाली आले ऐकलं तेव्हा वाटलं, माझी नजर चुकवून तेवढे चार दिवस उतरलात; रोजच आकडे भरताय हे कुठे माहीत होतं.

पिशवी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, अर्ज माझा, साक्ष माझी, आणि नापासही मीच.

असं म्हणून हसल्या. मला हसता आलं नाही. शेवटचा वाफा त्यांच्या पाठीमागे होता. पानांच्या कडा मी मोजायचं टाळलं.

निघताना म्हणाल्या, माफीबिफी मागू नका. मोजा.

२४ नोव्हेंबर. ७.००.
उतरले. अकरा. मध्ये दोनदा थांबले. गुडघा दुखला नाही.

यांची तबकडी नेली होती. जुनी पांढरी ताटली, मध्ये भोक पाडलेलं, मूळची दोरी. चप्पल काढली. दगडावर बसले. पाण्याला वास आहे. रंग जांभळा आहे, चष्म्यातूनही आणि चष्मा काढूनही.

ताटली सोडली. एक खूण गेली नाही तोच दिसेनाशी झाली. पुन्हा सोडली. तेच. नऊ इंच.

वरून रोपवाल्या बाईंनी विचारलं, किती?
म्हटलं, नऊ इंच.
म्हणाल्या, लिहा.

फॉर्म संपले आहेत. यांच्या वहीत, दोरीच्या ओळीखाली, लिहिलं: 'सकाळ ७. नऊ इंच. पाऊस नाही.' तीन आठवडे रोज लिहिणार. मग कुणाला पाठवायचं ते बघू.

ताटली वर ओढताना दोरी तुटली. चार वर्षांपूर्वीच बदलायची होती. हात घालून पाहिलं, कोपरापर्यंत. काही दिसत नाही.

दुधाच्या पातेल्यावर एक आहे. उद्यापासून ती नेईन.